दोघांचा पंप

शेवाळ कधी धरतं ते कोणी पाहिलेलं नसतं. काल फरशी चांगली होती, आज बघावं तर हिरवी! आमच्या चाळीतल्या पंपाच्या गोष्टींचंही तसंच झालंय. या पितळी नळकांड्यावर पुढे तासतासभर बोलत बसाल, असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर आम्ही हसलो असतो. आता बंडू सुट्टीवर येतो, दामलेकाका लाकडी बाकावर टेकतात, चहाचा पहिला घोट होतो आणि कोणी तरी म्हणतंच, "अरे, ते पंपाचं आठवतं का?" मग गाडी थांबत नाही.

बोलायचं काम त्या दोघांचं. मी पहिल्यापासून ऐकणारा. वडील गेल्यावर सातवीतून शाळा सुटली, शहाडच्या गिरणीत लागलो, आणि चारचौघांत तोंड उघडायची सवय राहूनच गेली. परवा बंडू म्हणाला, "वश्या, तुला बोलता येत नाही तर लिहून तरी काढ. आम्ही मेल्यावर लोकांना कळणार कसं?"

बंडूने अजून तिशी गाठलेली नाही. तरी म्हटलं, लिहू या.

* * *

आमची चाळ डोंबिवलीची. दुमजली, कौलारू, समोर अंगण आणि अंगणात विहीर. मालक जनूशेठ इथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांच्या वाडवडिलांनी भात पिकवला, मिठागरात मीठ ओढलं. जनूशेठनी भाताच्या खाचरात चाळ बांधली. खाचर ते खाचरच! वर शहाबादी फरशी घातली तरी खालून ओल यायची ती यायचीच. पावसाळ्यात अंगण असं हिरवं व्हायचं की गाय चरायला सोडावी.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या पावसाळ्यात माझी आई विहिरीमागच्या कोपऱ्यात घसरली. कळशीला पोचा आला आणि आईचा पाय मोडला. कल्याणच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, पुढे काढलं, तिला चालवून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, आता धावा!"

आई घरात चालायची, गॅलरीत चालायची. जिन्याच्या तोंडाशी आली की थांबायची. मोरी-संडास वरच गॅलरीच्या टोकाला, पाणी मी भरायचो. त्यामुळे खाली उतरायलाच हवं अशी वेळ तिच्यावर येत नसे. पूर्वी पहाटे विहिरीवर पहिला आवाज तिचा असायचा, संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तनाला पहिली सतरंजी तिची. आता गॅलरीत एक स्टूल आणि त्यावर ती.

"आई, येतेस का खाली? मी हात धरतो."

"हिरवं दिसेनासं झालं की येईन."

पाय बरा झाला होता. भीती बरी होत नव्हती.

मी खराट्याने घासलं, राखेने घासलं, नारळाच्या काथ्याने घासलं. आठ दिवसांत अंगण पुन्हा होतं तसं. आणि एक दिवस कल्याणला रस्त्याकडेला एक माणूस लॉरी धुताना दिसला. बादलीत उभा पंप, त्याला रबरी पाइप. एक जण पंपाचा दांडा मारतोय, दुसरा तोटी धरून उभा. चाकांवरचा वाळलेला चिखल ढेकळाढेकळांनी निखळून पडत होता. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की लॉरीवाल्याने विचारलं, "क्या भाई, तुमको भी धोना है क्या?"

* * *

चाळीची मीटिंग जिन्याखाली भरायची. मी आदल्या दिवशी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. वेळ आली तसा उभा राहिलो. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खाली बसलो.

बंडू ताडकन उठला. "वसंताने मांडलेल्या ठरावाला माझं अनुमोदन आहे!"

दामलेकाकांनी चष्मा वर सरकवला. ते मुंबईच्या एका कचेरीत कारकून. कामकाज रीतसर झालं पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष. "पण तो बोललाच कुठे?"

"म्हणजे काय? उभा नाही राहिला?"

"ठराव काय आहे?"

"ते मी सांगतो ना! पंप घ्यायचा. शेवाळ धुवायला. काकूंना खाली आणायचंय."

सगळ्यांनी एकदा वर गॅलरीकडे पाहिलं आणि वर्गणी निघाली. चाळीच्या इतिहासात भांडण न होता निघालेली वर्गणी ती एकच, असं दामलेकाका अजून सांगतात.

* * *

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा मिलिटरीचं सामान ढिगांनी विकायला निघालेलं. विठ्ठलवाडीच्या बाजूला नव्याने येऊन बसलेल्या एका सिंधी दुकानदाराकडे तंबू, पत्र्याचे डबे, हेल्मेटं, काय वाटेल ते होतं. पंप निवडायला आम्ही तिघं गेलो. म्हणजे निवडायला दामलेकाका गेले, आम्ही उचलायला.

दामलेकाका काडेपेटीसुद्धा कानाशी हलवून घ्यायचे. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. दुकानात हिरव्या रंगाचा एक चकचकीत पंप होता. बंडू त्याच्याकडे बघून हरखलाच. काकांनी चुंबक लावलं, ते टक्‌कन चिकटलं.

"लोखंड. एका पावसाळ्यात गंजेल. दुसरा दाखवा."

दुसरा पितळी, पण पाइप दुमडून पाहिला तर घडीवर बारीक चिरा. "याचं पाणी तोटीपर्यंत पोचायच्या आधीच वाटेत सांडेल. तिसरा."

तिसरा दिसायला अगदीच काळवंडलेला. बादलीत सोडायचं पितळी नळकांडं आणि बादलीबाहेर पाय रोवायला एक पट्टी, घोड्याच्या रिकिबीसारखी. दुकानदार म्हणाला, "साईं, इस पंप ने लंदन की आग बुझाई है!"

"असेल," काका म्हणाले, "पण आमच्याकडे आग नाही, शेवाळ आहे."

मग शेवटची परीक्षा. काकांनी तोटीच्या तोंडावर आपला अंगठा घट्ट दाबला. "आता मारा. पाणी अडलं की दांडा जड झाला पाहिजे. झाला नाही तर समजायचं आत कुठे तरी गळतंय. मारा!"

दुकानदाराने दांडा मारला. एकदा, दोनदा. दांडा जड झाला. त्याने सगळा भार टाकून आणखी एकदा मारला आणि काकांचा अंगठा सटकला! पाण्याने त्यांची टोपी उचलली ती डब्यांच्या ढिगापलीकडे नेऊन टाकली.

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"हाच," ते म्हणाले.

* * *

पंप आला तेव्हा जनूशेठच्या हस्ते नारळ फोडायचं ठरलं. जनूशेठ हसायला लागले. "आरं, पंपाला नारल? बरा. पन यो पानी देतंय का पितंय, ते आदी बघा!"

बंडू दांड्यावर, मी तोटीवर. हे काम दोघांचंच. एकाने पाय रोवून मारायचं, दुसऱ्याने पुढे जाऊन धरायचं. पुढचा म्हणाला 'सोड' की मागच्याने मारायला लागायचं. पण माझी हाक बंडूपर्यंत पोचेना. तो ओरडला, "वश्या, ओठ हलवू नकोस, आवाज काढ!" आवाज काही निघाला नाही. म्हणून आम्ही पाइप ओढायची पद्धत काढली. एक झटका म्हणजे सुरू, दोन झटके म्हणजे बंद. चाळीतल्या पोराटोरांपर्यंत सगळ्यांना ती खूण ठाऊक झाली.

मी एक झटका दिला. बंडूला जनूशेठसमोर ताकद दाखवायची होती. पाणी असं सुटलं की तोटी माझ्या हातात उसळली, आणि धार फरशीवर पडायच्या ऐवजी जनूशेठच्या घराच्या भिंतीवर! चुना गेल्या वर्षीच्या गणपतीचा, वर धूळ बसलेली. त्यात वरपासून खालपर्यंत एक पट्टा स्वच्छ धुऊन निघाला.

जनूशेठ भिंतीजवळ गेले, पट्ट्यावरून हात फिरवला.

"मी भुई धुवाला सांगतली का भित?"

बंडू म्हणाला, "चुकलं, शेठ."

"चुकला तं चुकला. पन आता आख्खी धुवा! यो एकच पट्टा चोखा दिसतंय, बाकीची भित मना आता मलकी वाटाला लागली."

पहिला अख्खा दिवस आम्ही जनूशेठची भिंत धुतली. अंगण दुसऱ्या दिवशी. तोटीचं भोक मोठं, धार पसरट, शेवाळ जागचं हलेना. बंडू ठाण्याच्या एका कारखान्यात लेथवर होता. त्याने पितळेची नवी तोटी घडवून आणली, भोक सुईसारखं. ती बसवली आणि मग शेवाळ सालीसारखं सुटायला लागलं. खालची निळी-करडी फरशी दिसली तेव्हा बायका विहिरीवरून बघत राहिल्या.

संध्याकाळी सगळं अंगण धुऊन झालं. मी वर पाहिलं. आई स्टुलावरून उठून कठड्याशी आली होती.

"छान झालंय," ती म्हणाली. "पण विहिरीमागचा कोपरा राहिलाय. हिरवा दिसतोय."

* * *

पंपाचं खरं दुखणं म्हणजे आतलं कातडी वायसर. पावसाळा संपला, पंप माळ्यावर गेला आणि उन्हाळ्यात ते कातडं वाळून पापडासारखं झालं. दांडा मारला की नुसता फसफस आवाज. दामलेकाका म्हणाले, "एरंडेल लावा." बंडू म्हणाला, "खोबरेल लावतो, वासही बरा." खोबरेल लागलं. वायसर रात्रभर तेलात मुरायला ठेवलं.

सकाळी वाटी होती, तेल होतं, वायसर नव्हतं. उंदराने खाल्लं!

आता पाऊस तोंडावर. बंडूला जिन्याखाली एक जुनी चप्पल सापडली. जाड, दमदार कातडं. त्याने तळातून गोल कापून काढला, पाण्यात भिजवला, साच्यावर चढवून वाटीसारखा केला आणि बसवला. पंप पहिल्यापेक्षा झकास ओढायला लागला.

जूनमध्ये दामलेकाका जिन्याखाली वाकून काही तरी शोधताना दिसले.

"काय हरवलं, काका?"

"पावसाळी चप्पल रे. दरवर्षी इथेच ठेवतो. एक मिळते आहे, दुसरीला मधोमध भोक!"

बंडूने माझ्याकडे पाहिलं, मी पंपाकडे पाहिलं, काकांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी एकदा दांडा मारून पाहिला. मग विचारलं, "डाव्या पायाची घेतलीस की उजव्या?"

"डाव्या."

"मग बरोबर. जोर त्याच पायाला होता."

तेव्हापासून एरंडेल. उंदीर त्याला तोंड लावत नाहीत. पंप आडवा टाकायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, काम झालं की आतलं पाणी काढून वायसरला एरंडेलाचं बोट. हे सगळे काकांचे नियम. ते अजून मोडलेले नाहीत.

* * *

वैशाखात विहिरीचं पाणी खाली गेलं, पण सांडपाण्याने फरशीवरचं शेवाळ तसंच. बायकांनी पंप अडवला. शांतावहिनी, तळमजल्यावरच्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "प्यायला पाणी नाही आणि तुम्ही दगडांना आंघोळ घालताय?"

त्यांचं चुकीचं नव्हतं. दामलेकाकांनी तोड काढली. कपडे धुतलेलं पाणी घंगाळात साठवायचं आणि पंपाने तेच वापरायचं. पहिल्याच दिवशी पंप बंद पडला. दोरे, बटणं, कशाकशाने पंपाच्या तळाची जाळी चोंदलेली. आईने वरून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला. "हा बांध जाळीवर. दुहेरी कर."

तो बांधला आणि पंप चालला. साबणाचं पाणी! काय फेस, काय वास! अख्खं अंगण पांढरं. बंडूने दांडा सोडून छाती फुगवली, "काकू, आता बघा! आता कुठे आहे हिरवं?" आणि दोन पावलं पुढे टाकली.

तो विहिरीपासून जिन्यापर्यंत बसल्या बसल्या आला. वाटेत थांबायचा प्रयत्न केला तसा वळून पाठमोरा झाला आणि पायरीवर आपटून थांबला.

वरून हसू आलं. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. आई कठडा धरून हसत होती, डोळ्यांना पदर लावून. पाय मोडल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"लागलं का रे बंडू?"

"नाही, काकू."

"मग बरं. घसरतं ना? मी म्हणत नव्हते?"

साबणाचं पाणी त्या दिवसापासून बंद झालं.

* * *

पंपाचं नाव पसरलं तसा तो उसना जायला लागला. दिवा गावात जनूशेठच्या भाचीचं लग्न होतं. घराला चुना मारायला पंप नेला आणि परत आणला तो आतून दगड! चुना गोठलेला. चिंचेच्या पाण्यात अख्खा दिवस बुडवून ठेवला तेव्हा कुठे दांडा हलला. दामलेकाकांनी नियम केला, पंप उसना जाईल तर माणूस बरोबर जाईल.

तो माणूस मी.

त्या साली मी जितकी लग्नं जेवलो तितकी आयुष्यात जेवलो नाही. चुना गाळून द्यायचा, काम झालं की पंप साध्या पाण्याने मारून घ्यायचा, आणि मग लग्नघरचे सोडत नाहीत. "थांबा हो, जेवूनच जा!" अनोळखी माणसांत मी पाटावर मान खाली घालून बसायचो, पंप शेजारी. त्याच्यापुढे पान मांडायचंच काय ते बाकी असायचं.

एका लग्नात वाढणाऱ्या आजीबाई माझ्यापुढे थांबल्या. "तुम्ही कोणाकडचे? मुलाकडचे की मुलीकडचे?"

माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "पंपाकडचा."

आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं आणि पुढच्याला म्हणाल्या, "याला आणखी एक जिलबी वाढा रे. सोयरीक चांगली दिसतेय!"

* * *

दर पावसाळ्यात अंगण धुतलं जायचं आणि दर वेळी वरून तेच यायचं, "विहिरीमागचा कोपरा हिरवा दिसतोय." बंडूने तो कोपरा पंपाने धुतला, खरवडला, घासला. एकदा तर तिथे चांगली गादी घालून झोपावं असा चकचकीत केला. वरून तेच!

शेवटी बंडू वर आला. आईने त्याच्या हातावर भाकरीचा चतकोर ठेवला. तो खात खात गॅलरीत गेला, आईच्या स्टुलावर बसला, उठला, कठड्यावरून वाकला, उजवीकडे सरकला, डावीकडे सरकला.

"काकू! तो कोपरा इथून दिसतच नाही! विहिरीचा कठडा आड येतो!"

"हो," आई म्हणाली.

"मग तुम्हाला कळतं कसं तो हिरवा आहे ते?"

"दिसायला कशाला हवा? मी पडलेय तिथे."

बंडूने उरलेली भाकरी खाल्ली आणि जिना उतरला. 

* * *

मग बंडूला भुसावळला रेल्वेत नोकरी लागली. जायच्या दिवशी ट्रंक बाजूला ठेवून त्याने पंप खाली काढला, वायसरला एरंडेल लावलं, दांडा वर-खाली करून पाहिला. "चालू ठेव रे. वाळू देऊ नकोस," एवढंच म्हणाला.

दामलेकाकांना दम लागायचा, आणि बाकीच्यांना वेळ नसायचा. मी एका हाताने दांडा मारायचो, दुसऱ्या हाताने तोटी धरायचो. पाणी पायाशीच पडायचं. वरून आई बघायची.

"वसंता, ते दोघांचं काम आहे. एकट्याने नाही व्हायचं."

"होईल."

"नाही व्हायचं रे."

त्या पावसाळ्यात अंगणातली वाट तेवढी स्वच्छ राहिली. बाकी सगळं हिरवं.

* * *

शेवटचं बंडूने पाहिलेलं नाही, दामलेकाकांनीही नाही. ते दर वेळी मलाच सांगावं लागतं, आणि दर वेळी मी मधेच अडकतो. म्हणून लिहितोय.

मार्गशीर्षातली दुपार. माझी दुसरी पाळी, डबा भरून निघायच्या बेतात होतो. चाळीतले पुरुष कामावर, जनूशेठ खाडीकडे गेलेले. त्यांच्या गोठ्यामागे, आमच्या चाळीला लागूनच, झोडणी झालेला पेंढा नुकताच रचला होता. कोणी तरी बंबातली राख निखाऱ्यांसकट तिथे टाकली असणार.

"पेटलं! पेटलं गं बाई!" शांतावहिनींचा आवाज.

खाली धावलो तेव्हा पेंढ्याचा माथा धडधडत होता. ठिणग्या आमच्या वळचणीपर्यंत येत होत्या. बायकांनी गुरं सोडली, विहिरीवर रहाट लावला, बादल्या मारल्या. पाणी पेंढ्याच्या पोटावर आपटून खाली यायचं, माथा जळतच होता.

त्या साली जिन्याखालीच राहिलेला पंप मी घंगाळात सोडला, तोटी घेतली आणि पेंढ्याकडे धावलो. पोचल्यावर पाइपाला एक झटका दिला.

काही झालं नाही. होणार कसं? दांड्यावर कोणी नव्हतंच. बंडू भुसावळला. हाताला सवय होती, हाताने झटका दिला.

आणि मग मी ओरडलो. "कोणी तरी पंप मारा! पंप!"

तो आवाज माझा आहे हे मलाही ओळखू येईना. शांतावहिनी घागर घेऊन तशाच थबकल्या. "कसा मारायचा रे? आम्ही कधी हात लावलाय त्याला?" अंगणभर बायका, सगळ्या पाण्याला पुऱ्या पडणाऱ्या, पण पंप मारायची रीत कोणाला माहीत नव्हती.

धूर डोळ्यांत गेला. मला मागे वळायला सुचेना. तेवढ्यात हातातला पाइप हलला, फुगला, ताठ झाला, आणि तोटीतून सूं करून धार निघाली. सरळ माथ्यावर!

मारणारा हात बंडूचा नव्हता. बंडू चार दणके देऊन दम खायचा. हा हात एकसारखा चालला होता, जातं फिरावं तसा. धार जराही तुटत नव्हती. मी पुढे सरकलो, वरून खाली, वरून खाली पाणी मारत गेलो. वळचणीपाशी एक वासा धुमसायला लागलेला दिसला. मी मागे न बघताच ओरडलो, "जोरात! आणखी जोरात! जेवला नाहीस काय?"

जोर वाढला. धार वळचणीला लागली, वासा चुरचुरला आणि काळा पडला.

शांतावहिनी घंगाळात पाणी ओतत राहिल्या, मी मारत राहिलो. हळूहळू ज्वाळा बसल्या, नुसता ओला धूर उरला. मी पाइपाला दोन झटके दिले.

पाणी तिथल्या तिथे थांबलं.

मी वळलो. घंगाळापाशी आई उभी होती. पदर खोचलेला, केस सुटलेले, दोन्ही हात दांड्यावर. आणि पाय रिकिबीवर रोवलेला, तोच पाय. भोवती सगळी फरशी ओली, हिरवी, निसरडी. जिन्यापासून घंगाळापर्यंत त्या हिरव्यात तिच्या पावलांचे ठसे उमटले होते.

शांतावहिनींच्या हातातली घागर तिरकी होऊन पाणी सांडत होतं, त्यांना भान नव्हतं. मला काही तरी म्हणायचं होतं, पण मघाचा तो आवाज आला तसा गेलेला.

आईने दांडा सोडला. कपाळावरचा घाम पुसला. सगळ्या अंगणावरून एकदा नजर फिरवली आणि चालत विहिरीला वळसा घालून मागे गेली. कठड्याला हात न लावता वाकून पाहिलं.

"वसंता," ती म्हणाली, "हिरवाच आहे. मी सांगत होते ना?"

मग परत आली, पाय पुन्हा रिकिबीवर ठेवला आणि दांडा धरला.

"जा, तोटी घेऊन उभा राहा तिथे. मी मारते."